एका दिवसाचं ठाणं: कुठे खायचं, काय बघायचं आणि कोणत्या वेळी

साताऱ्याचे मामा-मामी पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना ठाणं दाखवताना मी सगळाच घोळ घातला. रविवारी सकाळी दहा वाजता आरामात निघालो. मिसळीच्या रांगेत पाऊण तास गेला. मग "चांगले मासे खाऊ" म्हणून गाडी घोडबंदर रोडला घातली आणि सव्वा तास कोंडीत अडकलो. अडीचला ताट समोर आलं, तर सुरमईचा तुकडा कालचा. मामांनी निमूटपणे जेवून घेतलं. परतताना एवढंच म्हणाले, "अगं, सगळं छान झालं, पण तुमचं गाव कुठे आलं यात?"

तो प्रश्न मला फार लागला. आता पाहुणे आले की मी गाडी घेत नाही आणि सकाळी आठच्या आत घराबाहेर पडते. ठाण्यातलं खाणं वेळेला बांधलेलं आहे. जो पदार्थ सकाळी आठला अप्रतिम लागतो, तोच साडेअकराला गर्दीत उभ्याने खाताना बेचव होतो. शिवाय जुनं ठाणं, म्हणजे बाजार, देऊळ, तळं, वाचनालय आणि वडापाव, सगळं स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरच्या आत आहे. ते पायीच बघावं. पुढे दिलाय तो माझा नेहमीचा क्रम.

आधी वार ठरवा

मासे खाणार असाल तर बुधवार, शुक्रवार किंवा रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी बाजारातला उठाव कमी असतो आणि खानावळीतही आदल्या दिवशीचा माल असण्याची शक्यता वाढते. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत पापलेट-सुरमईचा आग्रह सोडा आणि सुकट, सोडे अशा सुक्या मासळीकडे वळा.

माझं मत विचाराल तर शुक्रवार सर्वात चांगला. मासे ताजे असतात आणि मिसळीला रांग कमी. सुट्टीच हवी असेल तर रविवार घ्या, पण मग साडेसातला स्टेशनवर असा. सणांपैकी दोन दिवस मुद्दाम यावेत असे आहेत. गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते, आणि दिवाळीच्या पहिल्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळी तरुण पोरापोरींनी फुलून जाते. त्या दिवसांत खाण्याचा बेत मात्र ठेवू नका, कुठेच बसायला मिळणार नाही.

स्टेशन

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून जलद लोकलने यावं. हेच ते ३४ किलोमीटरचं अंतर, जे १६ एप्रिल १८५३ ला देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीने कापलं. तेव्हा १४ डबे होते, सुमारे ४०० माणसं आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं. पाहुण्यांना हे फलाटावर उतरल्यावरच सांगावं, घरी बसून सांगितलं की नुसतं पाठ केलेलं वाटतं.

उतरल्यावर पश्चिमेला या. वर बसचा उन्नत मार्ग आहे, त्याच्या खालून बाजाराच्या दिशेने चालत निघा. रिक्षा घेऊ नका. सकाळच्या त्या दहा मिनिटांतच शहर कळायला लागतं: फुलवाल्यांच्या टोपल्या, पेपरचे गठ्ठे, पहिल्या घाण्याचा वास.

आठ वाजता मिसळ

जुन्या तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ ठाण्याबाहेरच्या लोकांनाही ठाऊक आहे. नावातच कचेरी आहे, कारण तिचा जन्मच मामलेदार कचेरीत कामाला येणाऱ्या लोकांच्या भुकेतून झालाय. पहिल्यांदा जात असाल तर तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, तिखटाचा अंदाज. इथे कमी, मध्यम आणि तिखट असं विचारतात. घरी रोज कोल्हापुरी ठेचा खाणाऱ्यानेही पहिल्या वेळी मध्यमच मागवावी. दुसरी, तर्री एकदम ओतून घेऊ नका. आधी फरसाण कुरकुरीत असताना वरचेवर चार घास खा, मग रस्सा घ्या. फरसाण भिजून गेलं की मिसळीची निम्मी मजा संपते. तिसरी, पोटात जागा ठेवा. पाव दोनच. दिवस मोठा आहे.

पाहुण्यांत लहान मुलं किंवा पित्ताचा त्रास असणारं कुणी असेल तर त्यांना इथे आणण्याचा हट्ट नको. स्टेशन परिसरातल्या कुठल्याही उडप्याकडे इडली आणि कॉफी उत्तम मिळते. शक्य असेल तर ठाणे पूर्वेला कोपरीत जा. फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांमुळे तिथे सकाळची दाल-पकवानची चव टिकून आहे. वर चिरलेला कांदा आणि आंबटगोड चटणी घातलेली ती दाट चणाडाळ आणि हाताने तुटणारी खुसखुशीत पकवान. आमच्याकडे कुणाला तिखट चालत नसेल तर मी निर्धास्तपणे तिकडेच नेते.

कोपिनेश्वर आणि मासुंदा

नऊच्या सुमाराला कोपिनेश्वराला पोचावं. सकाळची पूजा झालेली असते, गर्दी ओसरलेली असते आणि दगडी फरशी अजून गार असते. गाभारा थोडा खाली उतरून आहे आणि आतली पिंड एवढी मोठी आहे की पहिल्यांदा बघणारा माणूस क्षणभर थबकतोच. शिलाहार राजांच्या काळात या गावाला श्रीस्थानक म्हणत. मंदिराचं मूळ त्या काळापर्यंत मागे नेतात. आज दिसणाऱ्या देवळाची उभारणी १७६० मध्ये पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली.

देवळासमोर मासुंदा तलाव. आम्ही कुणी त्याला मासुंदा म्हणत नाही, तलावपाळी म्हणतो. सकाळी एक फेरी, संध्याकाळी पुन्हा एक, असे दोनदा इथे या. सकाळी कट्ट्यावर ज्येष्ठ मंडळी असतात आणि पाण्यावर ऊन तिरपं पडतं. तळ्याच्या परिसरातच सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. वसईप्रमाणेच इथेही पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांनी खाडीकाठी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. तोच आज ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आहे. आत जाता येत नाही, पण बाजूच्या रस्त्यावरून जाताना मी एक मिनिट थांबते. जॅक्सन वधाच्या खटल्यातले क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिलं. कान्हेऱ्यांचं वय तेव्हा अठराच्या आसपास होतं.

बाजार, आणि शेवळांबद्दल जरा सविस्तर

दहा ते बारा हा वेळ जांभळी नाक्याला आणि नंतर गावदेवीच्या मंडईला द्या. जांभळी नाक्यावर रेटारेटी असते. पर्स पुढे घ्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि दुकानांइतकंच रस्त्याकडेला बसलेल्या बायकांकडे लक्ष द्या. येऊरच्या पाड्यांवरून आणि त्याही पलीकडून, कर्जत-मुरबाडच्या बाजूने येणाऱ्या या बायकांच्या टोपलीत ऋतू दिसतो. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, ताडगोळे. पाऊस लागला की टाकळा, फोडशी, कंटोली, कुड्याची फुलं.

आणि पहिल्या सरींच्या आसपास, फार तर तीन-चार आठवडे, शेवळं. जमिनीतून सरळ वर आलेले वीतभर कोंब, बाहेरून तपकिरी-जांभळट, दहा-बारांची जुडी पानाच्या दोरीने बांधलेली. ठाण्यातल्या जुन्या कायस्थ प्रभू घरांत या भाजीची वाट हापूसइतकीच बघतात. नवख्याने मात्र नुसती जुडी उचलून नेऊ नये, कारण शेवळं खाजरी असतात. बाई जुडीबरोबर लहान हिरवी काकडं देते, ती आवळ्यापेक्षा लहान, आंबट फळं असतात. ती विसरलीच तर तुम्ही मागून घ्या. घरी हाताला तेल लावून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून त्यांचा रस गाळून भाजीत घालायचा, म्हणजे खाज मरते. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ सढळ हाताने. मग कांदा, ओलं खोबरं, गरम मसाला आणि हवी तर कोलंबी किंवा खिमा. माझ्या शेजारच्या काकू म्हणतात, शेवळं शिजली का ते जिभेला विचारू नये, घड्याळाला विचारावं. अर्धा तास मंद आचेवर, त्याच्या आत झाकण काढायचं नाही.

पाहुण्यांना स्वयंपाकघर नसेल, तरी ती जुडी हातात घेऊन बघायला लावा. आणि त्या बाईशी घासाघीस करू नका. ती पहाटे तीनला उठून रानात फिरून आलेली असते.

दुपारचं जेवण

इथेच बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. मोठं नाव, मोठी पाटी बघून गाडीने लांब जाऊ नका. साडेबारा ते एक या वेळात, जिथे कचेरीतली आणि दुकानातली माणसं जेवायला बसतात अशी मालवणी किंवा आगरी खानावळ शोधा. दीडनंतर चांगला मासा संपतो आणि उरलेल्याची आमटी होते.

बसण्याआधी काउंटरवर "आज काय आलंय?" एवढंच विचारा. "सगळं आहे" असं उत्तर आलं तर बाहेर पडलेलं बरं. "आज बांगडा आणि मांदेली, सुरमई नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवा. मासा ताजा आहे का, हे तळल्यावरही कळतं: ताज्याचं मांस काट्यापासून मोठ्या पाकळीने सुटतं, शिळ्याचं भुसभुशीत चुरा होऊन पडतं. सोलकढी पहिल्यांदा घोटभर चाखा. कोकमाचा आंबटपणा आणि नारळाचं दूध वेगवेगळं जाणवलं तर ती ताजी, गुलाबी रंग भडक आणि चव एकसुरी असेल तर ती तशीच ठेवा आणि ताक मागवा.

ठाण्याचं मूळ जेवण समजून घ्यायचं असेल तर हे लक्षात ठेवा: माजिवडा, बाळकूम, कोलशेत, कळवा ही आगरी-कोळ्यांची गावं, चेंदणीचा कोळीवाडा तर स्टेशनला लागूनच. त्यांची तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, हातावर थापलेली, आणि कालवण पातळ, झणझणीत. खाडीतला जिताडा मिळाला तर इतर सगळं बाजूला ठेवून तोच घ्यावा. कोळीवाड्यात ओळखीचं घर असेल आणि जेवायचं बोलावणं आलं, तर माझा हा सगळा लेख विसरून तिकडे जा.

शाकाहारी असाल तर नौपाड्यात घंटाळीजवळ 'मेतकूट' नावाचं हॉटेल आहे. मऊभात, तूप, मेतकूट, लोणचं, सोबत थालीपीठ किंवा वालाचं बिरडं असेल तर ते. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून केलेली ती उसळ घरी करायला दोन दिवस लागतात, त्यामुळे मिळते तेव्हा सोडू नये. शनिवार-रविवारी इथेही थांबावं लागतं, म्हणून बाराला नाव द्या.

दुपारी दोन ते चार

या वेळेत रस्त्यावर फिरू नका. ऊन असो वा पाऊस, ठाण्याची दुपार थकवते. मी पाहुण्यांना मराठी ग्रंथसंग्रहालयात नेते. १ जून १८९३ ला वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मराठी पुस्तकांसाठी उभं केलेलं हे ग्रंथालय. मामांसारख्या माणसाला, ज्यांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, तिथल्या जुन्या बांधणीच्या पुस्तकांचं कपाट बघूनच भरून आलं. दुसऱ्या खेपेला मी त्यांना आधी तिथेच नेलं होतं. सभासद नसाल तर आत काय पाहता येईल ते दाराशी नम्रपणे विचारा, आवाज हळू ठेवा.

वाचनाची आवड नसेल तर राम मारुती रोड आणि गोखले रोड. कपडे, साड्या, इमिटेशनचे दागिने. त्यावर मी फार सांगू शकत नाही, मला त्यात गती नाही.

साडेचारला वडापाव, साडेपाचच्या आत

ठाण्यात वडापाववरून घरात दोन पक्ष असतात. स्टेशनसमोरच्या कुंजविहारचा वडा आकाराने दांडगा, एकात दोघांचं भागतं, आणि तिथली लस्सी घट्ट. नौपाड्यातल्या गजाननचा वडा बेताचा, पण त्याच्याबरोबरची बेसनाची पिवळी चटणी दुसरीकडे कुठे मिळत नाही. मी गजाननच्या बाजूची. ती चटणी कोमट असते, ढोकळ्याबरोबरच्या चटणीची आठवण करून देणारी, पण जास्त तिखट. वडा मोडून तिच्यात बुडवून खायचा, पाव नंतर. घरी बांधून नेऊ नका, अर्ध्या तासात चटणी घट्ट होते आणि वड्याचं आवरण मऊ पडतं.

साडेपाचनंतर कचेऱ्या सुटतात, मग वड्याचे घाणे भराभर निघतात. ताजा मिळतो, पण उभं राहायला जागा नसते. पाच वाजता नेमकं साधतं.

गोड हवं असेल तर पाचपाखाडीतलं प्रशांत कॉर्नर. मिठाईबरोबर तिथे चाटही आहे. गावी न्यायला काही घ्यायचं असेल तर इथे घ्या किंवा नौपाड्यातल्या घरगुती पदार्थांच्या लहान दुकानांतून. चकली, कडबोळी, मेतकूट, भाजणी. भाजणीच्या पाकिटावरची तारीख बघा आणि शक्य असेल तर हुंगून घ्या, खमंग वास आला पाहिजे.

संध्याकाळ तलावपाळीवर

दिवे लागायच्या आधी तळ्याकाठी परत या. होड्या असतात, कणसं, भेळ, शेंगदाणे असतात, कट्ट्यावर तीन पिढ्या बसलेल्या असतात. शेजारीच गडकरी रंगायतन. १९७८ पासून ठाणेकरांनी नाटकं बघितली ती इथे. आमच्या घरात पहिलं नाटक कुणी कधी पाहिलं याच्या तारखा रंगायतनवरून ठरतात. प्रयोग आहे का ते आधीच तपासा आणि तिकीट काढून ठेवा, शनिवार-रविवारी ऐन वेळी मागची रांगसुद्धा मिळत नाही. घोडबंदरच्या बाजूला राहत असाल तर डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह सोयीचं. नाटक असेल तर जेवण मध्यंतरावर भागवा, नंतर उशीर होतो.

दुसरा दिवस मिळाला तर

दोन वाटा आहेत, एका दिवसात दोन्ही करू नका.

एक, येऊर. पहाटे उपवन तलावाशी या, तिथून वर. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे. दिवस मावळायच्या आत खाली उतरायचं, गाणी लावायची नाहीत, प्लास्टिक टाकायचं नाही. वर रिक्षा सोडते, पण परतीला मिळेलच असं नाही, म्हणून चालकाशी आधीच बोलून घ्या. मुलांना फुलपाखरं आवडत असतील तर घोडबंदर रोडवरच्या ओवळेकरवाडीचं फुलपाखरू उद्यान आहे. पावसानंतरच्या महिन्यांत रविवारी सकाळी लवकर जा, उघडं आहे का ते आधी विचारून.

दुसरी वाट रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडी गुलाबी होते. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ठाण्याहून ट्रान्सहार्बर गाडीने ऐरोलीला उतरा, तिथून रिक्षाने किनारी जैवविविधता केंद्र. होडीच्या फेऱ्या तिथून सुटतात. फेरीची वेळ ठरलेली नसते, ती भरती-ओहोटीवर असते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून आरक्षण करा.

वेळेचा अंदाज घरबसल्या बांधायचा तर कोकणातला जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, बाराच्या आसपास ओहोटी. पंचमीला पावणेचार. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढं धरून चाला. मी कॅलेंडरवर तिथी बघते, पाऊणपट करते आणि मगच केंद्राला फोन लावते.

होडीत बसल्यावर दोन जाती ओळखायला शिका. उंच, फिकट, टोकाला काळी असलेली गुलाबी चोच तो मोठा रोहित. बुटका, गडद गुलाबी आणि काळपट लाल चोचीचा तो छोटा, त्याचेच थवे इथे जास्त. चिखलातल्या निळ्या-हिरव्या शैवालातल्या रंगद्रव्यामुळे त्यांना हा रंग येतो. पाणी चढू लागलं की थवा एका रेषेत मागे सरकतो, डोकी खाली, पाय भराभर. मामींनी ते बघून होडीवाल्याला हात करून इंजिन बंद करायला लावलं. पाच मिनिटं फक्त चोचींचा चिखलातला बारीक आवाज येत होता.

परतताना ठाण्याला उतरून मुंबईकडे जायचं असेल तर ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल धरा. वेळ थोडा जास्त लागतो, पण खिडकीची जागा मिळते.